उसना मंत्र

लिओनार्डने टेबलावरचं कापड पुन्हा ओढलं आणि चहाचा कप रोवीनाच्या मांडीवर उपडा झाला.

"मला जायचंय. लोक खोळंबलेत."

"कुणी खोळंबलेलं नाही, बाबा. बसा बघू."

तो बसला, उठला, दाराची मूठ हलवून परत आला. इंग्लंडच्या लँकाशायरमधल्या या अर्ध्या गावाला डोळे मिटून मनातल्या मनात मंत्र घोळवायला त्याने शिकवलं होतं. शिक्षिका, गिरणी कामगार, एक खाटीकसुद्धा. आणि आता त्याच्याच जिवाला घटकाभर स्वस्थता नव्हती. असंच चाललं तर त्याला वरच्या कुलूपबंद मजल्यावर हलवावं लागेल, असं वृद्धाश्रमाच्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं.

"डोळे मिटा, बाबा. मंत्र आठवा तुमचा."

त्याचे ओठ हलले, थांबले. चेहरा रडवेला झाला.

"गेला. कुठे ठेवला तेच आठवत नाही गं."

त्याचा मंत्र तिला कुठून ठाऊक असणार? ज्याचा त्याच्यापाशी, तोंडातून काढायचा नाही, ही सक्त ताकीद त्याचीच. तिला तिचा मंत्र शाळकरी वयात त्यानेच दिला होता. तिने आणलेली सफरचंदं, फुलं आणि कोरा पांढरा रुमाल समोर मांडून. नवऱ्यालासुद्धा तिने तो कधी सांगितला नव्हता. ती उठली, वडिलांच्या कानाशी वाकली आणि तिने आपला मंत्र म्हटला.

"श्श!" तो खेकसला. "मोठ्याने म्हणतात का? कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

"मग शिकवणारा कच्चा होता."

कुरकुरतच त्याने डोळे मिटले. हळूहळू बोटांनी कापड सोडलं. रोवीनाला रडू आवरेना.

संध्याकाळच्या पाळीची नर्स शेरिल औषधांचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

"आजोबांवर काय जादू केलीस गं? मलाही सांग की. तू नसशील तेव्हा मी म्हणेन त्यांच्या कानात."

रोवीना घुटमळली. मोडायचा तो नियम मोडलाच होता. ती शेरिलच्या कानाकडे झुकली.

"थांब," डोळे न उघडता लिओनार्ड म्हणाला. "असा देतात होय? आधी तिला फळं-फुलं आणायला सांग. आणि रुमाल. पांढरा, कोरा."

शेरिलने ट्रे खाली ठेवला.

"उद्या आणते, सर."