घूस निघाली

अनसूयाबाईंनी घुशीच्या पाठीवरून ओला फडका फिरवला, मग पोटाखालून, मग चाकांच्या मधून. शेपूट ओट्यावर सैल पडली होती, ती त्यांनी हातावर गुंडाळून घेतली.

"मोठी आई, डोळ्यांना पाणी नको लागू देऊ," सुखदा आतून ओरडली. "काच खराब होते."

"मी कडेकडेनं पुसून राहिली."

"आणि कुंकू नको लावू."

अनसूयाबाईंनी अंगठ्याजवळचं बोट पदराला पुसलं.

घूस म्हणजे सुखदाचं यंत्र. पाइपात शिरून आतल्या भेगा, गळती, अडकलेला कचरा बाहेरच्या पडद्यावर दाखवणारा रोबो. करडा, बुटका, पुढे कॅमेरा आणि दोन दिवे, मागे लांबच लांब तार. दिसायला हातभर, पण उचलायला दोन माणसं लागत. कागदोपत्री त्याला इंग्रजी अक्षरांचं नाव होतं. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा अनसूयाबाई म्हणाल्या, "ही तर घूस आहे," आणि घरात तेच नाव पडलं.

सुखदा त्यांच्या धाकट्या दिराची मुलगी. आईवडील इटारसीला, नोकरीत. ती मेकॅट्रॉनिक्स शिकून आली आणि कांचघर मोहल्ल्यातल्या या घरात काकूजवळ राहिली. मेकॅट्रॉनिक्स हा शब्द अनसूयाबाईंना नीट म्हणता येत असे, पण गल्लीत त्याचा काही उपयोग नव्हता. कोणी विचारलं तर त्या "पाइपांचं पाहते" एवढंच सांगत, आणि मग दोन दिवसांत कोणीतरी नळ गळतो म्हणून सुखदाला बोलवायला येई. ती जाऊन वायसर बदलूनही देई.

भिंतीपलीकडून नर्मदाबाईंचं डोकं वर आलं. दोघी एकमेकींच्या शेजारी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"दीदी, सुबह-सुबह किसको नहला रही हो?"

"बड़ा चूहा समझ लो," अनसूयाबाई म्हणाल्या. "आज साहब को दिखाने ले जा रही है."

"आज पक्का?"

अनसूयाबाईंनी फडका पिळला. तीनदा पक्कं ठरलं होतं आणि तीनदा पुढे गेलं होतं. एकदा साहेबांची बैठक, एकदा साहेबांची दाढदुखी, एकदा नुसतंच 'देखते हैं'. शहराबाहेरच्या एका मोठ्या सरकारी ऑफिसच्या हाती मैलोगणती जुने पाइप होते. त्यांनी एकदा घूस चालताना पाहिली असती तर काम मिळण्यासारखं होतं. पण पाहायलाच कोणी तयार नव्हतं. सुखदाचा भागीदार अपूर्व याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं, आणि उद्या त्याला हो की नाही कळवायचं होतं. तो गेला की महाराजपूरच्या त्यांच्या कामाच्या शेडला कुलूप. एकटीच्यानं घूस उचलतसुद्धा नव्हती.

अपूर्वची गाडी आली. दोघांनी घूस खोक्यात ठेवली आणि कण्हत खोकं आत चढवलं.

"चलो, आंटी," अपूर्व म्हणाला. "आज नहीं तो कभी नहीं."

"असं नको बोलू," सुखदा म्हणाली. ती पायात एक चप्पल एक रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची घालून निघाली होती. अनसूयाबाईंनी हाक मारून बदलायला लावली. त्या गडबडीत तिचा फोन चार्जरलाच राहिला.

गाडी वळणाआड गेली. अनसूयाबाईंनी मटाराची थैली उपडी केली आणि सोलायला बसल्या. थोड्या वेळानं फोन वाजला. पडद्यावर 'श्यामसुंदर बाबू' असं नाव होतं. साहेबांच्या खोलीबाहेर बसणारे बाबू ते हेच, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं.

"हाँ मैडम, दफ्तर से बोल रहा हूँ."

"मैडम नहीं है, भैया. मैं उसकी बड़ी माँ."

"अच्छा, अम्माजी, प्रणाम. उनको बोल दीजिए, आज मत आएँ. साहब व्यस्त हैं. अगले महीने देखते हैं."

अनसूयाबाईंनी ओट्याकडे पाहिलं. जिथे घूस पुसली होती तिथे अजून ओलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"अब तो मुश्किल है, भैया. वो तो घूस लेके निकल गई."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"क्या लेके?"

"घूस. साहब के लिए ही तो तैयार की है. बेचारी कब से जोड़ रही थी. दो जन लगे उठाने को, तब जाके गाड़ी में चढ़ी."

"अम्माजी, जरा धीरे बोलिए."

"धीरे ही बोल रही हूँ. आप चिंता मत करो, साहब को हाथ भी नहीं लगाना पड़ेगा. ऊपर से किसी को कुछ दिखता नहीं. अंदर ही अंदर सब काम हो जाता है."

"अम्माजी, ये आप फोन पर..."

"साहब से कहना, एक बार देख लें. फिर पास करें, न करें, उनकी मर्जी."

फोन बंद झाला. अनसूयाबाईंनी तो परत चार्जरला लावला आणि मटार सोलायला घेतले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की दाणे सालांच्या ढिगात पडताहेत आणि सालं पातेल्यात.

फॅक्टरीचा भोंगा वाजला तरी गाडी आली नाही. पूर्वी या भोंग्यावर त्या कुकर चढवत. त्यांचे यजमान श्रीरंगराव फॅक्टरीतून येऊन सायकल आत घेईपर्यंत तिसरी शिट्टी होई. आज त्या दारापर्यंत जाऊन आल्या, मग पुन्हा गेल्या.

सुखदा आली ती खोकं आणि अपूर्वला बाहेरच ठेवून, धावत.

"मोठी आई, झालं. काम भेटलं. आधी थोडे पाइप, चांगलं झालं तर सगळे."

अनसूयाबाई खाली बसल्या. पाट जरा बाजूला होता.

"अपूर्व?"

"गाडीतूनच पुण्याला 'नाही' म्हणून कळवलं त्यानं." ती ओट्यावर टेकली. "पण तिथं काय होऊन राहिलं होतं, मला काहीच समजलं नाही. आम्ही पोचलो तर सगळं ऑफिस व्हरांड्यात उभं. इंजिनिअर, अकाउंटवाले, माळी. साहेब मधोमध, हात पाठीमागे बांधून. एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढून राहिला होता. साहेब एकदम मोठ्यानं बोलले, जो भी लाई हैं, सबके सामने खोलिए."

"मग?"

"मग उघडलं. अपूर्वनं बटण दाबलं, दिवे लागले, घूस खोक्यातून उतरली आणि साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबली. ते कितीतरी वेळ तिला पाहत राहिले. मग हळूच विचारलं, 'बाकी?' मी म्हटलं, बाकी तार है, सर."

अनसूयाबाईंनी एक शेंग उचलली.

"सगळे जमलेच होते, व्हिडिओ चालूच होता, मग परत जा कसं म्हणतील? मागच्या पाइपात सोडली. पाइप एकदम ठीक है, असं सगळे म्हणत होते. आत भेग दिसली, आणि झाडाचं मूळ एवढं मोठं. साहेब तर खुर्ची ओढून पडद्यासमोरच बसले. अजून पुढे, अजून पुढे, करत." ती थांबली. "निघताना श्यामसुंदर बाबू कानाशी आले. मैडम, घर पर समझाइए, अम्माजी फोन पर कुछ भी बोलती हैं. मोठी आई, काय बोलली तू?"

"खरं तेच बोलली. घूस घेऊन निघाली म्हणून."

सुखदानं आधी कपाळाला हात लावला, मग तोंडाला. ती इतकी हसली की तिला ओट्यावरून उतरावं लागलं.

"अगं, हिंदीत घूस म्हणजे लाच!"

"अच्छा?" अनसूयाबाई म्हणाल्या.

हसणं ऐकून नर्मदाबाई भिंतीशी आल्या. सुखदानं त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, साहेबांच्या बुटापर्यंत. नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं आणि भिंतीवर दोन्ही कोपर टेकवले.

"दीदी, फिर से?"

"मटर ले जा, नर्मदा. ताजा है."

"फिर से म्हणजे?" सुखदानं विचारलं.

"अरे, तुझे नहीं पता? नई-नई ब्याह के आई थीं. नल पर सबके सामने बोलीं, हमारे घर में तो रोज घूस आती है, मोरी के रास्ते. शाम तक पूरे मोहल्ले में, और सुबह फैक्टरी में. भाईसाहब स्टोर में थे न. दो अफसर घर आए पूछताछ करने. दीदी ने टोकरी उठाके दिखा दी. ये मोटी बैठी थी, जिंदा." नर्मदाबाईंनी हातानं माप दाखवलं. "अफसर कूद के खटिया पर. पर भाईसाहब कितने दिन गुमसुम रहे. बस, तब से दीदी के मुँह से वो शब्द नहीं सुना. हिंदी में बोलेंगी तो बड़ा चूहा ही बोलेंगी."

सुखदा हळूहळू वळली. अनसूयाबाई पातेल्यातली सालं वेचून काढत होत्या.

"मोठी आई."

"काय पाहून राहिली?" त्यांनी थैली तिच्याकडे सरकवली. "सोल. आणि ते खोकं आत घ्या आधी. बाहेर मांजर आहे."