डावा दरवाजा

मालकाच्या गॅरेजात जुनी इटालियन कूपे, दोन दारांची शर्यतीची गाडी, नव्याने उभी राहत होती. तिचा डावा दरवाजा काढून कापून तुकडे करायचं काम मालकाने दिलं ते पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरलाच, वर हसून म्हणाला, "तुझ्या घरचंच काम आहे ना!" केसाने गळा कापणारी माणसं असतात, त्यातला हा.

घरचं काम होतं हे खरंच. पन्नास वर्षांपूर्वी शर्यतीत ही गाडी उलटली, तेव्हा डेंटरच्या बापाने ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा लाकडी हातोड्याने ठोकून हा दरवाजा घडवला होता, आणि पुढच्याच शर्यतीत गाडी पहिली आली होती. आता म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. त्याच्या हातची बाकी सगळी कामं कधीच भंगारात गेली, उरला तो हा एक दरवाजा. पाच वर्षं मुलगा या गाडीवर राबत होता आणि बाप रोज जेवताना विचारायचा, "माझ्या दाराला हात नाही ना लावलास?"

"नाही, बाबा."

पण जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या परीक्षकांनी गाडीचे कागद चाळले आणि नाकं मुरडली. त्यांना मूळ कारखान्याचाच दरवाजा हवा होता. मालकाने तसा परदेशातून मागवला. जुना मी घरी नेऊ का, असं डेंटरने अगदी हात जोडून विचारलं.

"एका गाडीला तीन दरवाजे? उद्या कुणीतरी तो दुसऱ्याच गाडीला लावेल आणि हीच खरी म्हणून नाचवेल. काप. माझ्यासमोर."

डेंटरने कापला. नोकरीवर पाणी सोडायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि घरी खरं सांगायची तर त्याहून नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून हटूनच बसला. त्याला नेणं भाग पडलं. दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या मालकाच्या शोरूममध्ये पाहुणे गाडीभोवती घुटमळत होते. मुलाने बापाचा तळवा डाव्या दरवाजावर ठेवला. म्हाताऱ्याने तो खालपासून काचेपर्यंत सावकाश फिरवला.

"हा माझा नाही."

"नवा रंग आहे बाबा, म्हणून हाताला वेगळा लागतो."

"अरे, खोटं कशाला सांगतोस त्यांना?" मालक मध्येच म्हणाला. त्याला भारी मजा वाटली होती. "आजोबा, तुमचा कापला. तुमच्या मुलानेच! पण तुमच्या हाताला मानलं बुवा." त्याने टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या.

 टाळ्या थांबल्यावर म्हाताऱ्याने मुलाला विचारलं, "कापताना पत्रा कुठे पातळ लागून तडकला?"

डेंटरला रडू फुटत होतं. निदान या एका गोष्टीत खोटं बोलू नये, असं त्याला मनापासून वाटलं. "कुठेच नाही, बाबा. सगळीकडे एकसारखा जाड होता."

"म्हणजे काय कापतोयस, ते कळत होतं तुला."

निघताना जिन्यापाशी मुलाने आधाराला हात पुढे केला. बापाने तो झटकला आणि भिंत चाचपत एकटाच पायऱ्या उतरू लागला.