राणी कुठे गेली?

"परत हात फिरवला यांनी!" पोन्नप्पा कॉफीच्या पेल्याशी बोलल्यासारखा पुटपुटला. शेजारी बसलेल्या नागवेणीला ते ऐकू गेलं. तिला ऐकू जावं म्हणूनच तर तो पेल्याशी बोलत होता.

"हळू बोल. सर आत आहेत."

"आत आहेत म्हणूनच हळू बोलतोय, अक्का. नाहीतर ओरडलो असतो."

चिदानंद सरांची कचेरी म्हैसूरमध्ये एका कॉफीच्या गिरणीवर होती. माणसं तीन, काम दुकानदारांच्या देखण्या जाहिराती मेलने धाडायचं. मेलमध्ये रंगरूपाचे नियम सगळ्यात वर एकदा लिहून भागत नाही. काही ठिकाणी मेल उघडताना ती वरची यादीच फेकून दिली जाते. म्हणून मेलच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे चित्रावर, मथळ्यावर, त्याचा त्याचा नियम चिकटवावा लागतो. हे चिकटवण्याचं काम आपोआप करणारा प्रोग्राम सरांनी तरुणपणी स्वतः लिहिला होता. नाव ठेवलं होतं रंगारी. आयुधपूजेला झेंडूचा पहिला हार तो ज्या संगणकावर राहतो त्यालाच पडे, मग बाकीच्यांना.

रंगारी कष्टाळू होता, पण त्याला थांबायचं कुठे ते कळत नसे. दिसेल त्या तुकड्यावर तो नियम चिकटवी. आणि एकदा तुकड्यावर 'इतका रुंद राहा' असं चिकटलं, की 'फोनवर असशील तर अंग चोरून घे' हे वरच्या यादीतलं सांगणं कोण ऐकतो? म्हणून नागवेणी आणि पोन्नप्पा नको तिथलं चिकटलेलं गुपचूप हाताने खरवडून काढत. मग सर प्रेमाने बाहेर येत, "धाडण्याआधी एक शेवटचा हात फिरवतो हं," म्हणत आणि सगळं पुन्हा चिकटवून जात.

याची झळ बसली रत्नम्मांना. त्यांचं दसऱ्याच्या बाहुल्यांचं दुकान. नागवेणीने गणपतीपासून खपून त्यांच्या बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची आरास चितारली होती. वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी, खाली बाकीचा लवाजमा. संगणकावर दृष्ट लागावी अशी. पण रत्नम्मांच्या फोनवर राजा दिसे आणि राणी पडद्याबाहेर. लग्नाची जोडी मोडली म्हणून बाई हळहळल्या. तेव्हा तिघांनी एकमुखाने सांगितलं, "अम्मा, तुमचा फोन जुना झालाय."

बाईंनी नवा फोन घेतला. आज सकाळची चाचणी त्यावर पाहून त्या आता स्वतःच जिना चढून आल्या.

"काय रे चिदानंदा, राणी कुठे गेली? माहेरी?"

"बसा ना अम्मा. कॉफी घ्या."

"कॉफीत आहे का राणी? हे बघ, आता पुन्हा तसंच दिसलं तर ती आरास राहू दे. दुकानाचा एक फोटो धाड, झालं."

राणीच्या नथीचा मोती नागवेणीने किती वेळा पुसून पुन्हा काढला होता! तिने पोन्नप्पाकडे पाहिलं. त्याने रंगाऱ्याची एक चोरटी प्रत केव्हाची करून ठेवली होती. ज्या तुकड्यावर 'सोड' अशी खूण असेल त्याला ती शिवत नसे. बाकीच्यांवर नेहमीसारखं चिकटवी. सरांना सांगायचं कुणी, एवढंच अडलं होतं.

तिने मान हलवली. पोन्नप्पाने नको त्या तुकड्यांवर 'सोड'च्या खुणा केल्या, चोरटी प्रत चालवली आणि बटण दाबलं. रत्नम्मांचा फोन किणकिणला.

"अगंबाई!" त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आली की! राजाच्या शेजारी कशी ठसक्यात उभी आहे बघा. आणि खाली आरास एकेक पायरी उतरतेय. कुणी काढली ही?"

"आमच्या नागवेणीने," सर खुलून म्हणाले. "बघा, मी म्हणत नव्हतो, फोनचाच दोष? माझा रंगारी कधी चुकायचा नाही! चला, आता गिऱ्हाइकांना धाडूया. एक शेवटचा हात फिरवतो, की झालं."

सर बाह्या सरसावत संगणकाकडे निघाले. पोन्नप्पा छताच्या पंख्याकडे पाहू लागला. रत्नम्मा नव्या फोनची काच पदराने पुसत होत्या.

नागवेणी उठली आणि सरांच्या आधी जाऊन बटणावर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं?"

"हात फिरवू नका, सर." तिने बटणावरचा हात काढला नाही. "अम्मांचा जुना फोनही चांगलाच होता. चुकतो तो आपला रंगारी."