उधाणाचं निमित्त

मर्व्हिन हॅड्रिलला मुलाकडे डब्बोला जायचं नव्हतं, आणि त्या कामी खुद्द चंद्र त्याच्या बाजूने होता. ईस्टर येतो तो पौर्णिमेला धरून. पौर्णिमा आली की हॉक्सबरी नदीला उधाण येतं, पाणी पुरुषभर चढतं आणि पुरुषभर उतरतं. अशा दिवसांत घरामागच्या धक्क्याला बांधलेली होडी एकटी टाकून कोणी शहाणा माणूस गावाला जातो का? दरवर्षी मुलाकडे जायचा विषय निघाला की मर्व्ह भरती-ओहोटीचं वेळापत्रक बायकोपुढे धरायचा आणि म्हणायचा, "बघ, नेमकं आत्ताच." जणू ईस्टर आणि पौर्णिमेची गाठ यंदाच पडली होती. नोलीन ते कोष्टक न बघताच परत करायची आणि एकटी गाडीत बसून जाऊन यायची.

होडीचं नाव 'कर्लू'. जुनी लाकडी लाँच, मर्व्हने स्वतः फळी फळी जोडून उभी केलेली. पाणी चढलं की तिचे दोर आवळायचे, उतरायला लागलं की सैल करायचे, हे काम तो रोज करायचा आणि दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्याची हयात गेली होती. माणसांवरचा सगळा विश्वास त्याने तिथेच खर्च करून टाकला होता. होडी फारशी कुठे जात नसे. वर जायची आणि खाली यायची, एवढाच तिचा प्रवास.

खरं पाणी मुरत होतं ते दुसरीकडे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा डॅरेन नव्या बायकोला होडीतून फिरवून आणायला गेला, ऐन भरतीला परत आला, होडी बांधली आणि जेवायला बसला. जेवण होईतो पाणी उतरलं. दोर आखूड बांधलेला, त्यामुळे 'कर्लू' खांबाला टांगली गेली, कलली आणि कुशीतली फळी चिरली. "पाणी वर होतं तेव्हा ढिलाच वाटत होता," डॅरेन म्हणाला. मर्व्हने त्याचं वाक्य चिमटीत धरल्यासारखं परत म्हणून दाखवलं. मग लग्नाला तीन महिने झालेल्या सुनेसमोर सांगितलं की ज्याला साधा दोर बांधता येत नाही त्याने यापुढे माझ्या होडीला हात लावायचा नाही. डॅरेनने होडीची किल्ली मिठाच्या भांड्याशेजारी ठेवली. पुढच्या वर्षी त्याने नोकरी धरली ती डब्बोला, समुद्रापासून पाच-सहा तास आत, जिथे बांधायला काही नाही आणि चढउतार करणारं पाणीही नाही.

मर्व्हला त्याची आठवण यायची. फार यायची. पण त्याहून जास्त भीती वाटायची, की आपण दारात उभे राहू आणि पोरगा हात पुढे करणार नाही. ही भीती कोणाला सांगण्यापेक्षा उधाणाचं कारण पुढे करणं सोपं होतं.

नोलीनने त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर विचारलं, "तुझी अडचण दोरांचीच आहे ना?"

"मग? दुसरी कसली असणार?"

"मग दोरांचीच सोय करू. पाण्याबरोबर आपोआप वरखाली होणारी यंत्रणा मिळते. तू बघ, तुला हवी ती निवड, पैसे मी देते."

मर्व्ह अडकला. नाही म्हणावं तर दुसरी अडचण कोणती ते सांगावं लागलं असतं. तेव्हा त्याने निवडायला घेतलं, आणि त्या कामाला तो असा भिडला की दीड वर्ष त्यातून वर आला नाही. कप्पी आणि वजनाची यंत्रणा चांगली, पण वजनं रात्रभर खांबावर आपटणार. रबरी दोर चांगले, पण इथल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत विरणार. तरंगता धक्का सर्वांत उत्तम, पण नगरपालिकेची परवानगी काढेपर्यंत आपण राहतो का बघा. खांबावर पट्टी बसवून तिच्यावर सरकणारी कडी लावायची आणि दोर कड्यांना बांधायचे, ही सगळ्यात सोपी युक्ती. पण पट्टीवर कालवं धरणार, कडं अडकणार आणि होडी टांगली जाणार. तीन धक्के सोडून राहणाऱ्या लॉरीकडे हीच कडी कित्येक वर्षं बिनतक्रार सरकत होती. मर्व्हचं म्हणणं, लॉरीच्या बाजूची कालवं आळशी आहेत.

शेवटी लॉरीनेही हात टेकले. "मर्व्ह, लेका," तो म्हणाला, "तुला होडी बांधायची आहे की मुलगी बघायची आहे? प्रत्येकीत खोड काढतोस."

त्याच आठवड्यात नोलीनने फोन करून लॉरीसारखीच कडी मागवली. तिला अर्धा तास लागला. एवढा वेळ तिने फ्रीज घेतानाही लावला नव्हता, असं ती म्हणाली. मग तिने हात पुसले आणि मर्व्हच्या समोर बसली.

"या ईस्टरला आपण दोघं जातोय. तू आला नाहीस तर मी पुन्हा विचारणार नाही. आणि डॅरेन तर बोलावणारच नाही. एडी सात वर्षांची झाली, मर्व्ह. तिने आजोबा फोनवरच पाहिलेत, तेही नाकापासून वरचे."

कडी बसवली त्या दिवशी मर्व्ह धक्क्यावर बादली पालथी घालून बसला आणि ती अडकायची वाट बघू लागला. भरती आली, कडी चढली. ओहोटी लागली, कडी उतरली. कुरकूर नाही, खडखडाट नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू बिघडत नाही म्हणून मर्व्हची झोप उडाली.

गुड फ्रायडेच्या सकाळी पाणी काठोकाठ होतं आणि 'कर्लू' धक्क्याच्या बरोबरीला आली होती. नोलीन गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मर्व्हने चारही कडी हलवून पाहिली, दोर ओढून पाहिले. सगळं जागच्या जागी होतं. तरी पाय निघेना. यंत्र ते यंत्र. त्याने खोक्यातून आपला जुना निळा दोर काढला आणि होडीपासून थेट खांबापर्यंत एक जादा बांधून टाकला, आपला खात्रीचा. कडं अडकलंच, निसटलंच, तर हा दोर होडी धरून ठेवील आणि मग सगळ्यांना कळेल की शेवटी कामाला कोण आलं. हॉर्न पुन्हा वाजला. त्याने दोराला बोटाने टिचकी मारून पाहिली. ढिला होता. तो गाडीत जाऊन बसला.

डब्बोला घराच्या दारात डॅरेनने हात पुढे केला. मर्व्हने तो हातात घेतला. मग डॅरेनने विचारलं रस्ता बरा होता का. मर्व्ह म्हणाला, होता. नदी कशी आहे? उधाण आहे. इथे बोलणं संपलं, आणि सून जेवायला चला म्हणाली तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं.

गुड फ्रायडेला मांस वर्ज्य म्हणून मासे होते. मासे बर्फातले आहेत हे पहिल्याच घासाला मर्व्हच्या लक्षात आलं आणि ते त्याने बोलून दाखवलं नाही. नोलीनने त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. एडी समोर बसून आजोबांची हनुवटी निरखत होती. सगळं बरं चाललं होतं, आणि तेवढ्यात फोन वाजला. मर्व्हला नीट ऐकू येत नाही, म्हणून त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असा.

"मर्व्ह, मी लॉरी. घाबरू नकोस. तुझी 'कर्लू' टांगली गेली होती."

मर्व्ह ताठ बसला. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. "बघ," तो नोलीनला म्हणाला. "दीड वर्ष हेच सांगत होतो. कडं अडकलं ना, लॉरी? कालवं?"

"कडी कसली अडकतात. चारही गुमान खाली येऊन बसलीत. कोणीतरी एक निळा दोर सरळ खांबाला बांधून ठेवलाय, आखूड. त्याच्यावर लटकली बिचारी. मी तो कापला. होडी तरंगतेय, काळजी नाही. फक्त कुशीतली फळी चिरली, ती आधीच्या जोडाशेजारची. तुझ्या धक्क्यावर पोरं येतात का रे मासे धरायला? त्यांचं काम दिसतं."

मर्व्हने आभार मानून फोन ठेवला. नोलीन एडीच्या माशावर लिंबू पिळत होती आणि अर्धं लिंबू संपलं तरी पिळतच राहिली. डॅरेन ताटाकडे बघत होता.

"आजोबा, कोणी बांधला दोर?" एडीने विचारलं.

दोष द्यायला पोरं हाताशी होती. लॉरीने ती आयती आणून दिली होती, आणि डब्बोत बसून त्या निळ्या दोराची चौकशी कोणी केली नसती. पण मुलगी एकटक बघत होती, आणि तिचे डोळे डॅरेनचे होते.

"मीच बांधला," मर्व्ह म्हणाला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तोंडावर कधी ताबा नव्हता. "अगं, पाणी वर होतं. तेव्हा ढिलाच वाटत होता."

वाक्य बाहेर पडलं आणि ते कोणाचं आहे हे त्याला कळलं. सुनेने मान वर केली. तिलाही ते पाठ होतं.

डॅरेनने पाण्याचा जग उचलला, बापाचा पेला भरला आणि जग खाली ठेवला.

"वाटतो, बाबा," तो म्हणाला. "भरतीला ढिलाच वाटतो."