पेनिसिलिन देऊ नका

मित्रांनो, मी चांदीचे एक जुने कडे आहे. बल्गेरियातल्या त्र्यावना गावात रुम्याना नावाच्या मुलीसाठी तिच्या थोरल्या भावाने मला घडवले आणि माझ्या पाठीवर कोरले, ‘पेनिसिलिन देऊ नका’. लहानपणी ते इंजेक्शन घेतल्यावर तिच्या अंगभर पुरळ उठले होते. तिची आई इतकी घाबरली, की घरात त्या औषधाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

एकदा रुम्याना सायकलवरून पडली, तेव्हा डॉक्टरांनी मला वाचून हातातली सुई खाली ठेवली. “बरं झालं, हे घातलंत!” ते म्हणाले. मी अगदी फुलून गेले.

पुढे रुम्याना आजी झाली आणि तिच्या हृदयाच्या झडपेला जंतूंनी गाठले. दुसरी औषधे चालू होती, पण ताप हटेना. पेनिसिलिनच सर्वांत गुणकारी होते, आणि वाटेत मी उभे होते.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टर त्स्वेताना आल्या. “तेव्हा श्वास कोंडला होता का? ओठ सुजले होते?”

“पुरळ तेवढं आठवतं, बाई. अंगात तापही होताच.”

“मग ते तापाचंही असेल. आणि अ‍ॅलर्जी असली तरी इतक्या वर्षांत बहुतेकांची ओसरते. पण अंदाजावर नको, तपासून बघू.”

नवरा पेन्को उसळला, “आणि काही झालं तर?”

“म्हणून तर इथं, माझ्या डोळ्यांसमोर. त्यावरचं इंजेक्शन भरून ठेवलंय.”

आधी कातडीवर पेनिसिलिनचा थेंब ठेवून टोचले. मग औषधाचा अगदी लहान डोस, मग पूर्ण. प्रत्येक वेळी सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबत. माझ्याखाली तिची नाडी धडधडत होती.

खाज नाही, सूज नाही. काहीच झाले नाही!

पेन्को खुर्चीत मटकन बसला. “इतकी वर्षं उगाच जीव टांगणीला लावलास की गं!”

“तुझ्या हातच्या मिरचीच्या चटणीची अ‍ॅलर्जी मात्र खरी आहे,” रुम्याना म्हणाली. “ती तपासायला नको.”

पेन्को हसता हसता डोळे पुसू लागला.

पेनिसिलिन सुरू झाले आणि हळूहळू ताप उतरला. डॉक्टरबाईंनी मला काढून ठेवायला सांगितले. आता कोणी विचारणार नाही म्हणून मला वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगते, माझ्याच पाठीवरचे ओझे उतरले.

मित्रांनो, माझी कितीतरी भावंडे खरे सांगतात आणि जीव वाचवतात; त्यांचे जरूर ऐका. औषधाने त्रास झाला तर नेमके काय झाले ते डॉक्टरांना सांगा. घरी प्रयोग मात्र करू नका. आणि मनात जुनी भीती असेल, तर ती एकदा डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.

मी आता खिडकीतल्या बशीत असते. समोर रुम्याना पीठ मळते आहे, उघड्या मनगटांनी, अगदी कोपरापर्यंत माखून.