धुऊन वापरायचा फिल्टर

मी चनबसप्पाच्या टेम्पोचा एअर फिल्टर बोलतोय. इंजिनाचं नाक म्हणा हवं तर. इंजिनात जाणारी हवा आधी माझ्यातून जाते, धूळ मी अडवतो. एवढंच माझं काम, आणि तेवढंही माझ्याकडून निभलं नाही.

माझ्या अंगात सुती कापडाचे चार पदर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी आणि कडेला रबर. कापडाला तांबडं, चिकट तेल लावलेलं. धूळ त्या तेलालाच चिकटते. तेल नसेल तर मी म्हणजे नुसतं फडकं.

सोलापुरात नंदीशच्या स्पेअरपार्टच्या दुकानात चनबसप्पा मंद्रूपहून आला, तेव्हा नंदीशनं त्याच्यापुढं दोन खोकी ठेवली. एकात कागदी फिल्टर. मळला की फेकायचा, नवा बसवायचा, डोक्याला ताप नाही. दुसऱ्यात मी. मला धुवायचं, सावलीत वाळवायचं, बाटलीतलं तेल द्यायचं, मग पुन्हा बसवायचं. नंदीशनं आडपडदा ठेवला नाही. "अण्णा, ह्याचं लई करावं लागतंय बघा. जमत नसंल तर कागदी घ्या," म्हणाला.

चनबसप्पा म्हणजे चपलेचा अंगठा चारदा शिवून घेणारा माणूस. चांगली वस्तू टाकायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्यानं मलाच उचललं.

आणि खरं सांगतो, त्यानं माझं सगळं केलं. दोन वर्षं धुणं, वाळवणं, थेंबाथेंबानं तेल देणं, एकदाही चुकला नाही. टेम्पोत कडबा भरायचा, सिमेंट भरायचा, पण मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी फक्त गुरम्माची. गुरम्मा त्याची बायको. तिच्या किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस करावं लागायचं. पाळी चुकली की अंगात पाणी साचायचं, धाप लागायची. टेम्पो चालत होता म्हणून ती जगत होती.

गेल्या खंडेनवमीला घात झाला. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन पुजतात. चनबसप्पा मला काढून ओसरीवर ठेवून हार आणायला गेला. गुरम्माला वाटलं, नवरा आपल्यापायी एवढा राबतोय, निदान हे तरी आपण धुवावं. घेतलं की तिनं मला! कढत पाणी, धुण्याचा सोडा, वर ब्रश. माझे पदर विसविशीत झाले, पण तिला कोण सांगणार? मग ती तेलाची बाटली उघडायला गेली. सुया टोचून टोचून अधू झालेल्या तिच्या हातातून बाटली निसटली आणि सगळं तेल मातीत गेलं.

बाई घाबरली. नवरा रागावणारा नव्हता, पण आजारी माणसाला आपलं ओझं होतंय याचीच लाज फार असते. तिनं घरातलं करडईचं तेल आणलं, त्यात कुंकू कालवलं आणि मला माखलं. तांबडा रंग जमला. वर भस्माची तीन बोटं ओढली, हात जोडले. चनबसप्पानं परत येऊन तांबडं तेल बघितलं आणि विश्वासानं मला बसवलं.

करडईचं तेल थोड्याच दिवसांत वाळलं. रस्त्याची खोदाई चाललेली, सगळी धूळ माझ्यातून आरपार इंजिनात. मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. दिवाळीनंतर टेम्पो धूर ओकायला लागला, आणि एका शुक्रवारी गुरम्माला नेताना हत्तूरजवळ जो थांबला तो थांबलाच.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं. मला बोटानं खरवडून म्हणाला, हे तेल नव्हे, कुंकू आहे. चनबसप्पानं माझ्यावरचं कुंकू बोटानं पुसून बघितलं आणि मला घेऊन घरी आला. घरी गुरम्मानं त्याला विचारलं, "माझ्या हातनं झालं काय वो हे?"

"न्हाय गं. मालच खोटा हुता," तो म्हणाला. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

पैसे जमेपर्यंत इंजिन महिनाभर उघडंच पडून राहिलं. कधी कुणाची गाडी मिळायची, कधी एसटीत उभं राहून जायची ती. एक पाळी चुकली, मग लागोपाठ दोन. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते, त्याच्या आधीच गुरम्मा गेली.

माती दिली, पाहुणे पांगले आणि तिची लेक अपेक्षा उठली. मला पिशवीत कोंबलं. आईकडून ऐकलेलं धरून, खोटा माल विकतोस काय, म्हणून नंदीशला चारचौघांत जाब विचारायला निघाली. चनबसप्पा दारात आडवा आला.

"नंदीशचं काय चुकलं न्हाय. त्यानं सांगितलं हुतं. तेल द्यायचं मीच इसरलो."

अपेक्षानं पिशवी खाली टाकली. "म्हंजे आईला तुमीच मारलं," म्हणाली आणि सासरी निघून गेली. तीन महिने झाले, तिचा फोन नाही.

आता टेम्पोत कागदी फिल्टर आहे. मी पत्र्याच्या शेडमध्ये पडलोय. चनबसप्पा इथंच दोन भाकरी घेऊन बसतो, एक खातो, एक तशीच परत नेतो. माझ्याकडं बघतही नाही. पोरी, एकदा येऊन जा. तुझा बाप काही विसरला नव्हता. हे तुला सांगायला मला तोंड नाही, आणि ज्याला आहे तो मरेपर्यंत सांगणार नाही.