अण्णांचं पोट जागं झालं

पोटाचं ऑपरेशन उरकलं, पण अण्णांना पाण्याचा घोटसुद्धा मिळत नव्हता. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या की आधी विचारायच्या, "वारा सरला का?" आणि अण्णा, मुख्याध्यापक म्हणून उभी शाळा धाकात ठेवलेला माणूस, छताकडे बघत म्हणायचे, "छे, छे."

त्यांच्या सुनेला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. सकाळी पडद्याआडून आलेला आवाज तिने चांगला ऐकला होता आणि ऐकून लगबगीने खिडकी पुसायला घेतली होती. सासऱ्यांची लाज आपण नाही राखायची तर कोणी? आपल्या घराघरांतून हे असंच चालतं.

"आता मला काळजी वाटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतडी हलत नसतील तर नाकातून नळी घालावी लागेल. कदाचित पोट पुन्हा उघडावंही लागेल."

सून खाटेजवळ आली. "सरलाय, डॉक्टर," ती एकदाची बोलली. "सकाळीच. अण्णा, माफ करा मला."

अण्णा कानापर्यंत लाल झाले. "सुनेसमोर असलं कसं बोलायचं हो?"

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप त्यांच्या पोटावर टेकवला आणि दुसरं टोक सुनेच्या कानांना लावलं. आत मजेत गुडगुड चालली होती.

"भुलीनंतर आतडी गप्प बसतात, मग आपली आपण जागी होतात," त्या सांगू लागल्या. "मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैल पडतो, की अन्न पुढे सरकतं. तुम्ही झोपा, भांडा, उलटे लटकून घास गिळा, तो पोटाकडेच जाणार. वारा सरला म्हणजे वाट मोकळी झाल्याची वर्दी. ती वर्दीच तुम्ही दाबून ठेवलीत!"

सून भारावून ऐकत राहिली. केवढं हे इमानी काम, आणि आपण त्याचीच लाज धरली!

"माझ्या शाळेत न सांगता असं कोणी राबलं नाही," अण्णा पुटपुटले.

दुपारी त्यांना चमच्याने पाणी मिळालं. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच हाक मारली, "सूनबाई, आणखी एकदा सरला बरं का. सिस्टरना सांगून ये." आणि ती भरल्या वॉर्डातून मान ताठ ठेवून सांगायला गेली.

वाचकहो, शरीर आपलं काम चोख करतं. त्याची खबर लपवून अब्रू वाचत नाही, जीव मात्र धोक्यात येतो.